ओडेल रँकिनचा जादा सिलिंडर

लोर्ना टीगने उजवा हात टेबलावर ठेवला. मनगटापासून पुढे सगळे बँडेज होते आणि त्या बँडेजात जिथे दोन बोटे असायला हवीत ती जागा सपाट होती.

"हे कसं झालं ते मला शोधून हवंय," ती म्हणाली. "ओडेल रँकिनच्या सिलिंडरने झालं, एवढंच सांगणार असाल तर आत्ताच सांगा, मी उठते. ते ऐकून ऐकून माझे कान किटलेत."

हेस्टर व्होगेलने चष्मा कपाळावर चढवला. अर्धे आयुष्य तिने विमा कंपनीसाठी जळक्या कोठारांची राख चिवडण्यात घालवले होते आणि आता बेकरीच्या माडीवर स्वतःचे तपासाचे ऑफिस थाटले होते. खोटे बोलणाऱ्यांचा तिला राग येई, पण त्याहून जास्त राग घाईघाईने निकाल देणाऱ्यांचा येई. मिसूरीच्या आमच्या या कोपऱ्यात अशा लोकांची टंचाई तिला कधी भासली नाही.

"बसा, मिस लोर्ना. लेलंड, तो केक खाऊन झाला असेल तर खुर्ची मोकळी कर."

लेलंड क्रंप हा तिच्या वारलेल्या बहिणीचा नवरा. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून तो हेस्टरची गाडी चालवत असे, कारण तिला गाडी येत नव्हती. बाकी वेळ तो प्रश्न विचारत असे, कारण त्याला काहीच पटकन कळत नसे.

"रिव्हॉल्व्हर एक, मग सिलिंडर दोन कशाला?" त्याने विचारले.

"आमची रिव्हॉल्व्हरं गृहयुद्धाच्या काळातल्या नमुन्याची. त्यांना काडतूस नसतं," लोर्ना म्हणाली. "मधलं फिरतं चाक असतं ना, तो सिलिंडर. त्याला सहा कप्पे. प्रत्येकात काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी दाबायची, मागे ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची. सहा बार झाले की पुन्हा सगळं पहिल्यापासून. नेमबाजीच्या स्पर्धेत एवढा वेळ कोण देतं? म्हणून जादा सिलिंडर विकत घ्यायचा आणि भरून तयार ठेवायचा. पहिला संपला की तो काढून हा घालायचा."

"कुठलाही कशातही बसतो?"

"नाही ना. एकाच कारखान्यातले दोनसुद्धा सारखे बसत नाहीत. म्हणून तर ओडेलकडे जायचं. तो इटलीहून आलेले सिलिंडर ठेवतो, तुमचं रिव्हॉल्व्हर मागून घेतो आणि कप्पा नळीसमोर बरोबर येईपर्यंत कानस घेऊन बसतो. आमच्या क्लबातल्या निम्म्या लोकांचे सिलिंडर त्यानेच बसवलेत."

स्पर्धेच्या दिवशी लोर्नाने पहिला सिलिंडर घरून भरून आणला होता. तो नीट उडाला. त्याचा धूर विरल्यावर तिने त्याच सकाळी ओडेलकडून घेतलेला नवा सिलिंडर घातला, चाप ओढला आणि पहिल्याच बाराला तो तिच्या हातात फुटला.

"नवा कुठे भरला होता?" हेस्टरने विचारले.

"तिथेच, क्लबच्या छपरीतल्या टेबलावर. माझी दारूची कुप्पी रिकामी होती. ती टेबलावर ठेवून मी तिथल्याच ओडेलच्या टपरीवर सिलिंडर घ्यायला गेले, परत येते तो भरलेली."

"कुणी भरली?"

"कुणास ठाऊक. आमच्यात कुणाची कुप्पी रिकामी दिसली की शेजारचा भरून ठेवतो. कॉफीचा कप भरतात ना, तसं. विचारत नाही कुणी. सगळ्यांची दारू क्लबच्या डब्यातलीच असते."

"आणि भरताना काही वेगळं केलंत?"

"काही नाही. दारू, त्यावर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची चकती, त्यावर गोळी. एका कप्प्याची ठिणगी दुसऱ्यात जाऊ नये म्हणून ती चकती. कुणी चकती घालतं, कुणी गोळीवर चरबी फासतं. मला चरबीचा वीट आहे, जुलैत सगळी बाहीवर वितळून येते."

मग तिचा आवाज चढला. ती इस्पितळात असताना क्लबने फुटलेल्या सिलिंडरचे न उडालेले तीन कप्पे सगळ्यांसमोर उघडले होते. आत उत्तम काळी दारू निघाली. दारू चांगली, म्हणजे लोखंड वाईट; लोखंड वाईट, म्हणजे ओडेलने कानस जास्त मारली. झाले. त्याची टपरी बंद केली. आता रविवारी राज्यातल्या सगळ्या क्लबांना त्याचे नाव कळवण्याचा ठराव होता. शेरीफकडेही प्रकरण जाणार होते.

"बहात्तर वर्षांचा माणूस आहे तो," लोर्ना म्हणाली. "आणि सगळ्यात वाईट काय सांगू? त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलंय."

ओडेल रँकिन ओसरीच्या पायरीवर बसला होता. अंगणात ऐरणीशेजारी एक पिंप होते आणि त्यात चेचलेल्या लोखंडाचे तुकडे भरले होते. लेलंडने वाकून पाहिले. ते सगळे सिलिंडर होते.

"माझे होते ते," ओडेल म्हणाला. "घणाने चेचून टाकले. आणखी कुणाचा हात जायला नको."

"हे कुणी सांगितलं करायला?" हेस्टरने विचारले.

"कुणी नाही. मलाच वाटलं."

"मिस्टर ओडेल, तुम्ही कानस जास्त मारली होती का?"

"पहिल्या दिवशी नाही म्हणालो. मग सगळेच म्हणायला लागले. एवढी माणसं कशाला खोटं बोलतील?"

"कानस मारता कुठे तुम्ही?"

"मागच्या दात्यांवर. जिथे चाक अडकतं तिथे. कप्प्याच्या भिंतीला मी कधी हातच लावत नाही."

"आणि फुटलं काय?"

"भिंत." त्याने हात गुडघ्यांवर पालथे ठेवले. "तेच कळत नाही मला. म्हातारपण आहे, चुकून झालं असेल."

हेस्टर गाडीत येऊन बसली आणि तिने दार इतक्या जोरात लावले की लेलंड दचकला.

"एका भल्या माणसाला यांनी स्वतःच्या हातावर विश्वास ठेवायला भ्यायला लावलं," ती म्हणाली. "चल त्या क्लबात."

बुधवार होता, क्लबात सरावाचा दिवस. झेंडा काठीला चिकटून लोंबत होता. छपरीत गार्लंड प्रूएट दोन नव्या सभासदांना सिलिंडर भरायला शिकवत होता. गार्लंड हा क्लबचा सुरक्षा अधिकारी; भिंतीवरचे सगळे नियम त्याने स्वतः रंगवलेले होते आणि सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिले होते: 'एका डब्यात एकच दारू.'

"दारू, गोळी आणि वर मलम," गार्लंड सांगत होता. "मलम फासल्याशिवाय मी भरलेला सिलिंडर हातातून खाली ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवायचा नाही. मेंढीची चरबी, मेण आणि आमच्या हिच्या बागेतला थोडा पुदिना. नाहीतर माश्या घोंघावतात."

हेस्टरला पाहून त्याने हात पुसले. "ओडेलबद्दल विचारायला आलात ना? वाईट वाटतं हो. पण सुरक्षेच्या बाबतीत मी मैत्री बघत नाही."

"मिस लोर्नाची कुप्पी कुणी भरली होती?"

"कुणीही भरली असेल. क्लबचाच डबा, त्यातूनच सगळ्यांनी घेतली. दुसऱ्या कुणाला साधा चटकाही बसला नाही."

तेवढ्यात रांगेतल्या सहा जणांनी एकदम बार काढले. पांढऱ्या धुराचा ढग उठला आणि छपरीवर येऊन बसला. लेलंड खोकत खोकत चाचपडू लागला.

"हेस्टर? आहेस का तू? माझं सँडविच इथेच ठेवलं होतं मी."

"तुझ्या हातात आहे ते," हेस्टर धुरातून म्हणाली.

वेंडेल हास बाजूला आपली नळी पुसत होता. स्पर्धेत लोर्नाच्या शेजारचे टेबल त्याचे होते आणि लोर्नाचा सिलिंडर फुटला नसता तर त्याचा सलग चौथा चषक गेला असता, हे तो लपवतही नव्हता.

"मी का भरीन तिची कुप्पी? तिचा कॉफीचा कपसुद्धा मी भरणार नाही," तो म्हणाला. "बाई भांडकुदळ आहे. पण हात फुटावा असं काही मला वाटत नव्हतं."

"तुम्ही गोळीवर काय लावता?"

"स्वयंपाकघरातलं वनस्पती तूप. स्वस्त पडतं."

"अपघात पाहिलात?"

"पाहिला म्हणजे? दोन पावलांवर होतो मी. तिची टोपी मागे उडाली, रक्ताची चिळकांडी त्या खांबापर्यंत गेली. रिव्हॉल्व्हरची वरची पट्टी अशी वाकून वर आलेली. तिचं तोंड कागदासारखं पांढरं. बार झाला त्या क्षणाचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही."

"वारा होता त्या दिवशी?"

"कसला वारा! पान हलत नव्हतं. आजच्यापेक्षा वाईट."

क्लबच्या स्वयंपाकघरातल्या बाईने खिडकीतून पाहिले होते. तिनेही खांब, पट्टी, टोपी, सगळे तसेच सांगितले. हेस्टरने दोघांचेही आभार मानले आणि कपाटाची किल्ली मागितली.

फुटलेले रिव्हॉल्व्हर क्लबच्या कपाटात ठेवले होते. कपाटाची किल्ली फ्रीजमागच्या खिळ्याला असे आणि ती तिथे असते हे क्लबातल्या मांजरालाही ठाऊक होते.

गार्लंडने फडके उलगडले. हेस्टरने आधी नळीत डोकावून पाहिले. आतून ती लाल-तपकिरी गंजली होती. मग तिने सिलिंडरचे तुकडे घेतले. फुटलेल्या कप्प्यांच्या आतल्या भिंती नव्या चमच्यासारख्या चकचकीत होत्या.

"नळी गंजली," ती म्हणाली.

"गंजणारच. काळी दारू उडवली की त्याच दिवशी साबणाच्या गरम पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर रात्रीत तांबेरा चढतो," गार्लंड म्हणाला. "पण पुराव्याला पाणी कसं लावणार? कुणी बोटही लावलेलं नाही."

"तीन कप्पे उघडले तेवढंच."

"तेवढंच. तेही सगळ्यांसमोर."

उघडलेल्या तीन कप्प्यांच्या कडेला अजून पिवळट चरबी चिकटलेली होती. हेस्टरने बोट फिरवले आणि ते लेलंडपुढे धरले. "काय वाटतं?"

"मला? मला वाटतं वाटेत मिठाईच्या दुकानात थांबावं," लेलंड म्हणाला. "का कोण जाणे, एकदम काहीतरी गोड खावंसं वाटतंय."

गार्लंड हसला. हेस्टर हसली नाही.

परतताना लेलंडने आपले मत मांडले. "वेंडेलच. चौथा चषक. शेजारचं टेबल. तोंड बघितलंस त्याचं?"

"तोंड बघून फाशी द्यायची तर या गावात कुणी उरणार नाही," हेस्टर म्हणाली. "तू मला फक्त रविवारी सांग, आज छपरीत तुला काय दिसलं होतं."

"काही नाही दिसलं."

"तेवढंच सांग."

रविवारी क्लबची खोली गच्च भरली होती. हॅम आणि बिस्किटे आली होती, कॉफी आली होती. एखाद्याची अब्रू काढायला आलो आहोत असे त्या खोलीकडे बघून कुणाला वाटले नसते. ओडेल शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला होता. तो येणारच नव्हता. लोर्ना त्याला जाऊन घेऊन आली होती. अध्यक्षांनी ठराव हातात घेतला तेव्हा हेस्टर उठली.

"आधी मला एक सांगा. मिस लोर्नाचा हात फुटला तो क्षण कुणाकुणाला दिसला?"

दिसला नाही असा एकही निघेना. टोपी कशी उडाली, रक्त कुठवर गेले, पट्टी कशी वाकली, जो तो सांगू लागला. लोर्ना समोर बसलेली आहे याचेही कुणाला भान राहिले नाही.

"बरं," हेस्टर म्हणाली. "लेलंड, बुधवारी सहा बार झाले तेव्हा तुला काय दिसलं?"

"काहीच नाही. नुसता पांढरा धूर. हातातलं सँडविच दिसेना."

"वारा बुधवारीही नव्हता आणि स्पर्धेच्या दिवशीही नव्हता. मग मिस लोर्नाच्या त्या बाराचा धूर कुठे गेला?"

कॉफीचे कप खाली ठेवले गेले.

"काळी दारू धुराशिवाय जळत नाही. हे मला या बुधवारी कळलं, तुम्हाला जन्मभर माहीत आहे. हा धूर तुम्ही अंगाखांद्यावर वागवता. दोन पावलांवरचं रक्त लख्ख दिसलं, ते गावभर सांगत फिरलात, आणि ते दिसलं कसं हा प्रश्न एकालाही पडला नाही. ओडेलचं नाव मिळालं होतं ना, मग प्रश्न कशाला हवेत?"

तिने फडके उलगडून नळी आणि तुकडे टेबलावर ठेवले.

"हे दोन्ही एकाच कपाटात, न धुता पडून होते. नळीतून पहिल्या सिलिंडरचे बार गेले, ती गंजली. फुटलेल्या कप्प्यांना गंजाचा ठिपका नाही. काळी दारू त्यांत जळलीच नव्हती. जळली ती बिनधुराची, आजच्या काडतुसांतली. तिचा दाब या जुन्या नमुन्याच्या सिलिंडरला सोसत नाही, मग तो ओडेलने बसवलेला असो की आणखी कुणी. ओडेलने कानस मागच्या दात्यांना लावली होती. दाते हे बघा, शाबूत आहेत. फुटली ती भिंत."

"पण उरलेल्या कप्प्यांत काळी दारू निघाली," वेंडेल म्हणाला. "मी स्वतः पाहिली."

"निघाली, कारण तुमच्या आधी कुणीतरी ते कप्पे रिकामे करून पुन्हा भरले होते. मिस लोर्ना, तुम्ही गोळीवर चरबी लावता?"

"जन्मात कधी लावली नाही. गोळीखाली चकती घालते."

"तुम्ही सगळ्यांसमोर कप्पे उघडलेत तेव्हा चकत्या निघाल्या?"

अध्यक्षांनी मान हलवली. नव्हत्या निघाल्या.

"चकत्या गेल्या आणि त्यांच्या जागी चरबी आली. ती अजून इथे चिकटलेली आहे. आता गंमत बघा. तो सिलिंडर पुन्हा कधीच उडणार नव्हता. त्यावर चरबी लावायचं काही कारण नव्हतं. पण काही माणसांचा हात सवयीने चालतो. गोळी बसवली की वर मलम फासल्याशिवाय त्यांना सिलिंडर खाली ठेवताच येत नाही. लेलंड, हुंगून बघ. नीट."

लेलंडने वाकून वास घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

"पुदिना," तो म्हणाला. "पुदिन्याच्या गोड गोळ्या. म्हणून मला त्या दिवशी..." पण तोवर सगळी खोली गार्लंड प्रूएटकडे वळली होती.

गार्लंडने नाकारून पाहिले नाही. त्याने खिडकीतून छपरीच्या भिंतीवरच्या आपल्याच अक्षरांकडे पाहिले.

"क्लबच्या डब्यापाशी रांग होती," तो म्हणाला. "तिची कुप्पी रिकामी दिसली. मी ट्रकमधला माझा काळ्या दारूचा डबा आणला आणि भरली. घरी बिनधुराच्या दारूचं खोकं फुटलं होतं म्हणून ती एका दिवसापुरती त्या डब्यात ओतून ठेवली होती. पार विसरलो. बार झाला, धूर आला नाही, आणि माझ्या लक्षात आलं. अपघात होता तो. मी तिला मदत करायला गेलो होतो."

"बार होईपर्यंत अपघात होता," हेस्टर म्हणाली. "त्यानंतर तुम्ही फ्रीजमागची किल्ली काढलीत, तीन कप्पे रिकामे केलेत, भरलेत, चार लोकांसमोर उघडून दाखवलेत. आणि एक म्हातारा माणूस अंगणात बसून आपलं आयुष्य घणाने चेचत होता तेव्हा तुम्ही इथे नव्या पोरांना नियम शिकवत होतात. याला मी अपघात म्हणणार नाही."

लोर्ना उठून त्याच्यासमोर गेली.

"पहिल्याच संध्याकाळी तू इस्पितळात आलास, गार्लंड. माझा हा चांगला हात धरून रडलास. तेव्हा खरं सांगितलं असतंस तर मी तिथल्या तिथे माफ केलं असतं. खरंच केलं असतं. पण तू रुमाल काढलास, डोळे पुसलेस आणि म्हणालास, ओडेल आता थकलाय."

मग खोलीत एकच गलका झाला. ज्यांनी ओडेलला हाकलले होते तेच आता गार्लंडला काय काय करावे ते ओरडून सांगू लागले, आणि खरे सांगायचे तर तितक्याच चवीने. वेंडेल तर खुर्चीवर चढला. अध्यक्षांनी टेबल ठोकले, हातातला ठराव फाडला आणि घाईघाईने दुसरा तोंडी मांडला: ओडेल रँकिन यांची टपरी सन्मानाने परत द्यावी. बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत.

एका झटक्यात सगळे हात वर गेले.

ओडेल उभा राहिला. त्याने त्या हातांकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले.

"माझी टपरी बंद करायची का असं विचारलं होतं तेव्हाही हे असेच वर आले होते," तो म्हणाला. "माझ्या बाजूने एक हात होता. इस्पितळातून परस्पर आला होता तो, बँडेजात."

त्याने टोपी डोक्यावर घातली आणि लोर्नाला घरी सोडतेस का म्हणून विचारले. दाराशी तो एकदा थांबला.

"गार्लंडचं काय करायचं ते मात्र जरा सावकाश ठरवा," तो म्हणाला.

गाडीचा आवाज दूर गेला. मग हात एकेक करून खाली आले.